जर्मनीत शिकवायला जाणाऱ्या मराठी प्राध्यापकांसाठी: कागदपत्रांपासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

ऑक्टोबरमधला सोमवार. माझा तास दहाचा. सांगलीच्या सवयीने मी पावणेदहालाच वर्गात जाऊन बसले, फळा पुसला, टिपणं लावून ठेवली. दहा वाजले, कुणी नाही. दहा वाजून पाच, दहा वाजून दहा. बत्तीस खुर्च्या आणि मी. नऊ वर्षं शिकवून आलेली बाई मी, पण घशाशी आवंढा आला. मग सव्वादहाला दोन मिनिटं कमी असताना दार उघडलं आणि सगळा वर्ग गप्पा मारत आत आला. उशीर झाल्याचं कुणाच्या चेहऱ्यावर नव्हतं, कारण उशीर झालेलाच नव्हता.

वेळापत्रकात '१० सी. टी.' असं छापलं होतं. ही जुनी लॅटिन खूण. 'सी. टी.' म्हणजे तास पंधरा मिनिटांनी सुरू होणार, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. ती दोन अक्षरं मी पंधरा दिवस बघत होते. इमारतीचं नाव असेल असं समजून गप्प बसले. शेजारच्या खोलीत विभागाच्या सचिव बाई बसत. त्यांना विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण आल्या आल्या एवढं साधं विचारलं तर काय म्हणतील, या भिडेपोटी विचारलं नाही.

पुढच्या तीन वर्षांत मला ज्या गोष्टींनी शिणवलं, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच भीड निघाली. आपल्याकडे न सांगता समजून घेणारी माणसं भोवती असतात. पाहुण्याने नको म्हटलं तरी ताटात पोळी पडते. तिथे नको म्हणजे नको, आणि बोलला नाहीत तर तुम्हाला काही नको आहे असंच धरलं जातं. यात त्यांचा कोरडेपणा नाही. समोरच्याच्या शब्दाला मान देण्याची ती त्यांची रीत आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिला हिवाळा पुष्कळ सोपा गेला असता. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. निघण्याआधी: एक प्रश्न आणि एक फाइल

पहिला प्रश्न पत्र आल्याबरोबर विचारा: ही नोकरी आहे की शिष्यवृत्ती? दोन्हींत महिन्याला पैसे येतात, पण नोकरीच्या करारात आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता, पगारी आजारपण आणि रजा येतात. शिष्यवृत्तीत यातलं बरंचसं तुमचं तुम्हाला बघावं लागतं. व्हिसाचा प्रकारही यावर ठरतो. संशोधक म्हणून जात असाल तर विद्यापीठाशी झालेला यजमान-करार लागतो. पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर 'ब्लू कार्ड'चा, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवासपरवान्याचा मार्ग असतो. कोणता घ्यायचा हे विद्यापीठाच्या 'वेलकम सेंटर'ला ईमेलवर विचारा. उत्तर देणं हे त्यांचं कामच आहे.

फाइलमध्ये हे ठेवा:

- पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी.ची मूळ प्रमाणपत्रं, सगळ्या गुणपत्रिका, प्रत्येकाचे स्कॅन
- जन्मदाखला आणि असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र (लग्नपत्रिका चालत नाही)
- आधीच्या प्रत्येक महाविद्यालयाचं नियुक्तिपत्र आणि अनुभव प्रमाणपत्र
- लसीकरणाची नोंद, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, चष्म्याचा नंबर
- कायम नोकरीत असाल तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र आणि धारणाधिकाराचा (परत आल्यावर त्याच पदावर रुजू होण्याच्या हक्काचा, म्हणजे 'लीन'चा) लेखी आदेश

अनुभव प्रमाणपत्राबद्दल थोडं सविस्तर. बहुतेक राज्यांत विद्यापीठाचा पगार राज्यांच्या वेतनकराराप्रमाणे ठरतो आणि तुमचा संबंधित अनुभव धरून त्यात पायरी मिळते. रुजू होताना अनुभव कागदावर दाखवला तरच तो धरला जाण्याची आशा. 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीचा उपयोग नाही. कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याला किती तास, कोणते विषय, हे सगळं त्यात हवं. तासिका तत्त्वावर काम केलेल्यांनी तर हे अगत्याने करावं. माझी पहिली चार वर्षं अशीच सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर गेली. त्या प्रमाणपत्रांत तासांची संख्या नव्हती म्हणून ती चारही वर्षं धरली गेली नाहीत. नंतर इथून कागद मागवले, तोवर पायरी ठरून गेली होती.

कागदांवर कोणता शिक्का किंवा कोणतं भाषांतर हवं हे तिकडच्या कार्यालयाला विचारूनच पैसे खर्च करा. एजंटांचं ऐकून आधीच सगळ्यावर शिक्के मारून घेऊ नका.

आणि जर्मन शिका. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असलं तरी विभागाची बैठक, सूचनाफलक, घरमालकाची चिठ्ठी, डॉक्टरच्या स्वागतकक्षातली बाई, हे सगळं जर्मनमध्ये असतं. पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. निदान बी-१ या मधल्या पातळीपर्यंत इथेच पोचा. तिथे गेल्यावर शिकू म्हणाल तर पहिलं सत्र संपेपर्यंत वेळ मिळत नाही.

२. पहिले पंधरा दिवस: पत्ता, पाटी, विमा

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाने सही केलेला ठरावीक फॉर्म लागतो, भाडेकरार पुरत नाही. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून ती भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. या नोंदीशिवाय कर क्रमांक येत नाही आणि कर क्रमांकाशिवाय पगारातून जास्तीचा कर कापला जातो. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे. तुम्ही तिथल्या कर गोळा करणाऱ्या कुठल्या चर्चचे सभासद नसाल तर तसं स्पष्ट सांगा.

इमारतीत फ्लॅट क्रमांक बहुधा नसतो. घंटेवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं आणि पोस्टमन तेच बघतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. माझं बँकेचं कार्ड त्यामुळे दोनदा परत गेलं. पहिल्या संध्याकाळी कागदावर नाव लिहून चिकटवून टाका.

नावाचीच आणखी एक गोष्ट. आपल्या तीन पदरी नावातलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. पासपोर्टात ते तुमच्या नावाला जोडून येतं आणि जर्मन कार्यालयात ते तुमचंच दुसरं नाव ठरतं. मला कित्येक पत्रं माझ्या नवऱ्याच्या नावाने 'श्रीमती' लावून आली. करार, विमा, बँक आणि निवासपरवाना, चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, एवढं तपासा. हाक मारायला कोणतं नाव हवं ते विभागाला सांगा, दारावरच्या पाटीवर तेच येईल.

आरोग्य विमा सरकारी व्यवस्थेतला घ्या. खासगी योजना तरुणपणी स्वस्त वाटतात, पण पुढे तिकडून सरकारी विम्यात परतणं अवघड जातं. प्रवासी विमा या कामाला चालत नाही.

३. पहिल्या तासाआधी विभागाला विचारायचे प्रश्न

हे कागदावर लिहून सचिवांकडे आणि एका सहकाऱ्याकडे जा. अर्धा तास मागून घ्या. मी हे दुसऱ्या सत्रात केलं आणि माझ्यासाठी एवढा वेळ काढायला ती दोघं किती आनंदाने तयार झाली, ते बघून पहिलं सत्र वाया घालवल्याचं वाईट वाटलं.

तास सी. टी. की एस. टी.? हजेरी घ्यायची का? (बहुतेक व्याख्यानांना सक्तीची नसते, काही ठिकाणी ती करण्यावर कायद्यानेच मर्यादा आहेत.) परीक्षेचे नियम कोणत्या दस्तऐवजात आहेत? त्याला 'प्रुफुंग्सऑर्डनुंग' म्हणतात आणि तो मुळातून वाचायचा असतो, कारण विद्यार्थी तो वाचून येतात. नापास झालेल्याला किती संधी? उत्तरपत्रिका दाखवण्याचा दिवस कोणता? शिकवण्याचा भार किती? तो आठवड्याच्या तासांत मोजतात आणि त्यांचा तास ४५ मिनिटांचा. दोन तासांचा वर्ग म्हणजे प्रत्यक्षात दीड तास.

गुण उलटे असतात: १.० सर्वोत्तम, ४.० ला उत्तीर्ण, ५.० नापास. पहिल्यांदा तपासताना पहाटे डोळ्यावर झोप असेल तर हात चुकतो, माझा चुकला. गुण नोंदवायचे ते दिवसाउजेडी नोंदवा.

एक सापळा मुद्दाम सांगते. आपल्याकडे निकाल नावासकट फलकावर लागतो. तिथे असं चुकूनही करू नका. गुण, आजारपण, फोन नंबर ही माहिती कायद्याने संरक्षित आहे. विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका, वर्गाचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका, ईमेल विद्यापीठाच्याच पत्त्यावरून करा.

४. वर्गात: उठून उभं न राहणं हा अपमान नाही

तुम्ही आत आलात की कुणी उभं राहणार नाही. कुणी सफरचंद खात असेल, एखादी मुलगी विणत बसलेली असेल आणि तीच शेवटी सगळ्यांत नेमका प्रश्न विचारेल. मध्येच उठून कुणी आगगाडी पकडायला जाईल. तास संपला की सगळे बोटांच्या सांध्यांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा मला वाटलं, संपवा म्हणताहेत. ती टाळ्यांची त्यांची पद्धत आहे.

हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडतं. जड जातं ते पुढचं, समोरासमोर होणारा विरोध. तिसऱ्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने हात वर करून सांगितलं, "तुम्ही आत्ता जे म्हणालात ते मला पटत नाही, कारण तुमची दोन उदाहरणं एकमेकांच्या विरुद्ध जातात." स्वर शांत. वर्ग शांत. माझे कान तापले. आपल्याकडे एवढं बोलणाऱ्या मुलाला आगाऊ म्हणतात, किंवा त्याच्या मागे कुणीतरी आहे असं समजतात. मी थातूरमातूर उत्तर देऊन पुढे गेले. तासानंतर तो आला आणि म्हणाला, "मला खरंच उत्तर हवं होतं." त्याच्या डोळ्यांत कुठेही उद्धटपणा नव्हता. रात्री मी उदाहरणं तपासली, त्याचं बरोबर होतं. पुढच्या सोमवारी मी तास तिथूनच सुरू केला: मागच्या वेळी मी चुकले होते, ते असं. वर्गाने वही उघडली आणि लिहायला लागला. कुणालाही त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र नऊ वर्षांत पहिल्यांदा वर्गात 'मी चुकले' म्हणता आलं होतं.

ही रीत आपल्याला अगदीच परकी आहे असंही नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या. ऑयगन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवट्यांची मोजमापं घेतली. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय वंशाचं वरचढपण सिद्ध व्हावं, असा त्या संशोधनामागचा तर्क होता. मोजमापं तसं सांगत नव्हती. त्यांनी ते तसंच लिहून दिलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परत आल्या. आपल्या गुरूच्या म्हणण्याविरुद्ध पुरावा मांडणारी ती विशीतली मराठी मुलगी मला त्या दिवसांत फार आठवायची.

तुम्ही करायचं ते एवढंच: पहिल्याच तासाला तुमची रीत सांगून टाका. मध्ये प्रश्न चालतील की शेवटी, ईमेलला किती दिवसांत उत्तर देता, भेटीची वेळ कोणती. आणि 'कळलं का?' असं विचारू नका. आपली मुलं माना डोलावतात, तिथली नुसती बघत राहतात. दोघादोघांत पाच मिनिटं बोलायला सांगा, मग विचारा. सत्राच्या अखेरीला विद्यार्थी तुमचं निनावी मूल्यमापन करतात. मला पहिल्या वेळी लिहून आलं होतं: 'फार वेगाने बोलते, आम्हाला विचार करायला वेळ देत नाही.' दोन रात्री झोप नाही. शेवटी सहकारी बाईंना दाखवलं, तर त्यांनी त्यांचं काढून दाखवलं. ते माझ्यापेक्षा वाईट होतं. मूल्यमापन एकट्याने वाचू नका.

५. अहो-जाहो

याबाबतीत मराठी माणूस इंग्रजीवाल्यांपेक्षा भाग्यवान. 'झी' म्हणजे अहो-जाहो, 'डू' म्हणजे अरे-तुरे. आपल्याला हे रक्तातच कळतं. फरक एवढाच की वय बघून ते ठरत नाही. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही अनोळखी असताना 'झी' म्हणायचं. 'डू'चा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने किंवा वरिष्ठाने ठेवायचा असतो, आणि एकदा 'डू' झालं की पुन्हा 'झी'वर जाणं म्हणजे भांडण झाल्यासारखं. इंग्रजीत बोलताना पहिलं नाव आणि जर्मनमध्ये आडनाव, असंही एकाच माणसाशी चालतं.

'निष्ट श्लेष्ट' म्हणजे 'वाईट नाही'. हे ऐकून खट्टू होऊ नका. आपल्या आजोबांचं 'बरं आहे' जेवढं मोठं असायचं, तेवढंच हे मोठं आहे.

वाढदिवस असलेला माणूस स्वतः केक आणतो. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. केक पुढे आला आणि घ्यायचा असेल, तर पहिल्यांदाच 'हो' म्हणा. दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. मी पहिले दोन महिने उपाशी परत येत होते.

६. तुम्ही एकटे 'भारत' होता तेव्हा

सांगलीत मी कृष्णाकाठची, माहेरची अमुक, सासरची तमुक होते. तिथे उतरल्या दिवसापासून मी नुसती भारतीय झाले. हिंदी सिनेमा, योग, मसाले, लोकसंख्या, सगळ्याचा जाब मला. 'तुम्ही हिंदी बोलता ना?' याला मी पहिल्यांदा मान हलवली. मग हळूहळू सांगायला लागले की माझी भाषा मराठी, ती आठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा आहे, जर्मनीची लोकसंख्याही जवळपास तेवढीच. एवढ्या तुलनेने लोक सरसावून बसतात. स्वतःला पुसट करून घेतलं की थकवा येतो, हे मला फार उशिरा कळलं.

जातीबद्दल विद्यार्थी सरळ विचारतात: "तुमची जात कोणती?" आपल्याकडे आडून आडून होणारी चौकशी आणि हा प्रश्न यांत फरक आहे. त्यांना खरंच समजून घ्यायचं असतं. उत्तर द्यायचं की नाही हा तुमचा हक्क. पण 'आता जात राहिली नाही' असं खोटं सांगू नका. मी काय करते ते सांगते. प्रश्न वर्गात आला तर तो विषय म्हणून घेते, जातीने मला काय सहज मिळालं तेही बोलते, आणि एवढं जोडते की बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. परदेशातल्या भारतीयांच्या जेवणावळीत मात्र 'मूळचे कुठले, आडनाव काय' हा जुनाच प्रश्न जुन्याच हेतूने येतो. तिथे सांगलीची, एवढंच उत्तर पुरे.

आता सर्वांत मोठा सापळा. दिवाळीला दारावर स्वस्तिक, गाडीच्या किल्लीला स्वस्तिक, व्याख्यानाच्या पहिल्या स्लाइडवर शुभचिन्ह म्हणून स्वस्तिक, हे आपल्याकडे सहज येतं. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६ अ नाझी चिन्हांच्या सार्वजनिक वापराला बंदी घालतं. आपलं चिन्ह निराळं आणि पुरातन आहे, आणि धार्मिक वापर हा त्या कलमाचा रोख नाही, हे खरं. पण समोरून जाणाऱ्या माणसाला हे फरक दिसत नाहीत. शेजारी राहणाऱ्या म्हातारीच्या घरातली माणसं त्या खुणेखाली मारली गेलेली असू शकतात. देवघरात ठेवा, दारावर नको. शिकवताना दाखवायचंच असेल तर आधी दोन वाक्यं बोला. तसंच 'आर्य' हा शब्द वर्गात सहज टाकू नका, आणि त्या काळातल्या हुकूमशहाबद्दल आपल्याकडे चहाच्या टपरीवर जे कौतुक ऐकू येतं, ते मनातूनही काढून टाका. इरावतीबाईंचे गुरू फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाच्या बाजूने उभे राहिले. त्या शास्त्राचं काय झालं हे तिथल्या शाळकरी मुलांना शिकवलेलं असतं.

परक्या संस्कृतीत गेलेली माणसं चार वाटांनी जातात, असं जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाने मांडलं आहे: आपलं सोडून त्यांचं घेणं, त्यांचं टाळून आपलंच धरणं, दोन्ही सुटणं, आणि दोन्ही राखणं. मी पहिलं वर्ष पहिल्या वाटेने गेले. डबा नेणं बंद केलं, मराठी मंडळाचे निरोप वाचले नाहीत. दुसऱ्या वर्षी गणपतीला गेले आणि आरतीच्या पहिल्या कडव्याला रडू आवरेना. तेव्हापासून आठवड्यातला एक दिवस आपल्या माणसांचा आणि एक दिवस तिथल्या लोकांचा ठेवला. तिथल्या लोकांचा म्हणजे गायनवृंद. दर गुरुवारी. सूर जुळवताना व्याकरण लागत नाही.

७. हिवाळा, आजारपण आणि मन

नोव्हेंबरपासून अंधार येतो. डिसेंबरात चार-साडेचारला सूर्य मावळतो. सकाळी आठला दिवे, संध्याकाळी दिवे, मधलं आभाळ राखेसारखं. रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान. 'जेवलीस का?' असं विचारणारं कुणी नाही. मला डिसेंबरात झोप जास्त आणि भूक कमी झाली. सकाळी उठावंसं वाटेना आणि मी त्याला आळस म्हणत राहिले.

दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. रक्तातलं ड जीवनसत्त्व डॉक्टरांकडून तपासून घ्या. शनिवारीच दूध-भाजी आणा. फोडणी करताना खिडकी उघडा, नाहीतर धुराची घंटा वाजेल आणि शेजारी धावत येतील. माझे असेच आले, आणि त्यातूनच ओळख झाली.

आजारी पडलात तर कामावर जाऊ नका. ताप अंगावर काढून तास घेणं ही आपल्याकडे निष्ठा, तिथे तो सहकाऱ्यांशी बेजबाबदारपणा. सकाळीच कार्यालयाला कळवा. आजार सांगावा लागत नाही, 'आजारी आहे' पुरतं. तीन दिवसांहून जास्त चालला तर चौथ्या दिवशी डॉक्टरांचा दाखला लागतो, काही ठिकाणी आधीही मागतात. नोकरीचे पहिले चार आठवडे झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. वर्षाला बहुधा ३० दिवसांची रजा असते, ती तासिका नसलेल्या काळात पूर्ण घ्या.

मन बरं नसेल तर त्यालाही आजारच म्हणा. सरकारी विम्यात मानसोपचार येतो, पण रांग महिन्यांची असते. म्हणून पहिल्या भेटीसाठी लवकर ११६११७ या डॉक्टरांच्या वेळा मिळवून देणाऱ्या क्रमांकावर फोन करा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर 'टेलेफोन-झेलझॉर्गे' ही मोफत सेवा ०८०० १११ ० १११ वर चोवीस तास असते. जिवावर बेतलं तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. विद्यापीठातलं समुपदेशन केंद्र पुष्कळदा फक्त विद्यार्थ्यांसाठी असतं. कर्मचाऱ्यांचं वेगळं कुठे आहे ते 'पर्सोनालराट', म्हणजे कर्मचारी परिषदेला विचारा. मी जानेवारीत गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "हे कधीपासून होतंय?" मी म्हणाले, नोव्हेंबरपासून. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही नोव्हेंबरात का नाही आलात?" त्यांच्या स्वरात दोष नव्हता, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कराराच्या मुदतीची काळजी सगळ्यांनाच पोखरते. कायद्याने मुदतीचे करार साधारणपणे पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षांपर्यंत करता येतात. ही टांगती तलवार तुमच्या परकेपणामुळे नाही. २०२१ मध्ये हजारो जर्मन संशोधकांनी 'मी हान्ना आहे' म्हणत (हान्ना ही अशा करारांची भलामण करणाऱ्या एका सरकारी चित्रफितीतली काल्पनिक संशोधिका) समाजमाध्यमांवर याच प्रश्नावर आवाज उठवला. सहकाऱ्यांशी यावर मोकळेपणाने बोला. तेही याच काळजीत असतात.

८. अन्याय झाला तर

मला एकदा माझ्याच संशोधनाच्या बैठकीतून वगळलं गेलं, कारण 'जर्मनमध्ये चालणार होती'. मी सहा आठवडे मनात ठेवलं. तुम्ही ठेवू नका. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, त्याच दिवशी लिहून ठेवा. आधी संबंधित माणसाशी बोला, मग कर्मचारी परिषद किंवा समानता अधिकारी. वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व यांवरून नोकरीत भेदभाव झाला तर २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे, पण भरपाईची मागणी लेखी आणि दोन महिन्यांच्या आत करावी लागते. आपली 'जाऊ दे, बघू' म्हणण्याची सवय नेमकी इथे घात करते.

९. मराठी रोजच्या वापरात ठेवा

दिवसभर दोन परक्या भाषांत बोललं की संध्याकाळी माणूस स्वतःलाच अनोळखी वाटायला लागतो. मी रोज झोपण्याआधी दहा ओळी मराठीत लिहायचे. भाजी काय आणली, कोण काय म्हणालं, बस. दुसरं म्हणजे वर्गात मराठी आणायला लाजू नका. धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा या विषयांवर गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्य घालवलं, आणि ते हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत. मी कुटुंबव्यवस्था शिकवताना फळ्यावर आत्या, मावशी, काकू, मामी असं लिहिलं आणि विचारलं, तुम्ही चौघींना एकच शब्द का वापरता? तो त्या सत्रातला सगळ्यांत रंगलेला तास झाला.

आणि घरी फोन रोज ठरल्या वेळी करा. हिवाळ्यात तिकडचे पाच म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात. आईला आदल्या दिवशी सांगून ठेवा, उद्यापासून माझा फोन साडेआठला येईल.